ठिणगी लहान का पडते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ज्या यंत्रातून माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो आहे, त्या रेडिओचा आजा म्हणजे एक साधी ठिणगी. व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर हे सगळे नंतरचे. आधी होती ती दोन गोळ्यांच्या फटीत तडतडणारी ठिणगी आणि तिच्यापासून चहूकडे सुटणाऱ्या लहरी. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात ह्याच लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारू उडवून दाखवली. मार्कोनीचे सुरुवातीचे संदेशही ठिणगीच्याच बळावर गेले. पुढे ह्या ठिणगीला रेडिओच्या घरातून बाहेर काढावं लागलं, कारण एकाची ठिणगी पडली की आसपासच्या सगळ्यांच्या बोलण्यात खरखर. पावसाळ्यात वीज चमकली की मीडियम वेव्हवर कडकड ऐकू येते, ती ह्याच म्हाताऱ्याची आठवण.

आज बोलायचं आहे ते घरी केलेल्या ठिणगीबद्दल. महाड आणि पोलादपूर ह्या दोन तालुक्यांत, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथे पाऊस मोजायला भांडं अपुरं पडतं आणि जमीन खणली की पहार कातळावर वाजते, तिथे एका बारावीच्या मुलाने टेस्ला कॉइल केली. ठिणगी पडली, पण नखाएवढी. ती तेवढीच का पडली आणि मोठी कशी झाली, एवढीच आजची गोष्ट.

निकोला टेस्ला हे नाव आता मोटारगाड्यांमुळे पोराटोरांच्या तोंडी आहे. हा माणूस १८५६ मध्ये जन्मला, १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत एकटा गेला. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला १०० वेळा दिशा पालटते, त्या प्रत्यावर्ती विजेच्या कामात त्याचा वाटा फार मोठा. आपल्याच रायगड जिल्ह्यात भिऱ्याला टाटांचं जलविद्युत केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं, ते ह्याच जातीच्या विजेवर. (मुळशीच्या धरणाचं पाणी डोंगरातून खाली भिऱ्यावर पडतं; त्या धरणासाठी ज्यांची घरं-शेतं गेली, त्यांच्या सत्याग्रहाची गोष्ट सेनापती बापटांच्या नावासकट आपण जाणतोच. आणि १९२७ म्हटलं की महाडकराला आधी चवदार तळं आठवतं, भिरा नाही. ते योग्यच आहे.)

टेस्ला कॉइल ही त्याने १८९१ मध्ये केलेली युक्ती. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, समीकरणं मांडणार नाही. ह्या यंत्रात तारेची दोन वेटोळी असतात. खाली जाड तांब्याच्या नळीचे दहा-बारा वेढे, आडवे, उदबत्तीच्या चकलीसारखे. मधोमध उभा प्लास्टिकचा पाइप, त्यावर बारीक तारेचे हजारभर वेढे, एकाला एक चिकटून. खालच्या वेटोळ्याला एक कपॅसिटर जोडलेला असतो, विजेची टाकीच म्हणा, आणि एक फट सोडलेली असते. ट्रान्सफॉर्मर टाकी भरत राहतो. दाब पुरेसा झाला की फटीत ठिणगी पडते आणि साठलेली वीज खालच्या वेढ्यांतून मागेपुढे हेलकावे घेऊ लागते, सेकंदाला लाखो वेळा. वरच्या वेटोळ्याचा स्वतःचा हेलकावा नेमका त्याच गतीचा असेल, तर खालची सगळी ताकद वर चढते आणि टोकावरून जांभळट फांद्यांसारखी हवेत उडी घेते.

'असेल तर' ह्या दोन शब्दांवर सगळं उभं आहे. मिरजेत सतार करणाऱ्यांच्या दुकानात कधी बसला असाल तर हे लगेच ध्यानात येईल. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातल्या माणसांनी एकोणिसाव्या शतकात तिथे वाद्यं करायला घेतली आणि गावाचं नाव देशभर केलं. सतारीत वरच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात. त्यांना नखी लावत नाहीत. वर सूर छेडला की त्या सुराला जुळवलेली तरफेची तार आपोआप थरथरते. शेजारची, जराशी उतरलेली तार मात्र ढिम्म हलत नाही. तिच्यासाठी तुम्ही वरची तार कितीही जोरात छेडा, तुटेल पण खालची जागी होणार नाही.

आता त्या मुलाकडे येतो. माझे एक स्नेही महाडला मोटर रिवाइंडिंगचं काम करतात. पंपाच्या, गिरणीच्या, मिक्सरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात. मी त्यांच्या दुकानात संध्याकाळी चहाला जातो आणि ते मला 'शायर' म्हणतात, त्यात कौतुक किती आणि थट्टा किती ते त्यांनाच ठाऊक. तो मुलगा पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतून त्यांच्याकडे अर्धा किलो वाइंडिंगची तार घ्यायला आला होता. २६ गेजची. कशाला हवी म्हणून विचारलं, तेव्हा दप्तरातून वही काढून त्याने आकृती दाखवली. चार इंची पाइप, वीस इंचांची गुंडाळी, हजार वेढे. स्नेह्यांनी तोंडी हिशेब केला, म्हणाले, "साडेतीनशे मीटर तार लागेल. हाताने गुंडाळणार?" मुलगा म्हणाला, "चाचा, गुंडाळली आहे अर्धी. तार संपली."

बाकीचं सामान त्याने भंगारातून जमवलं होतं. मुंबईत दुकानांवर निऑनच्या काचेच्या नळ्यांच्या पाट्या असत. त्या एलईडीमुळे उतरल्या आणि त्यांचे जड, डांबर ओतलेले ट्रान्सफॉर्मर भंगारात आले. तसला एक, ९००० व्होल्ट आणि ३० मिलिअँपिअरचा, त्याला मिळाला होता. हे नशीबच म्हणायचं, कारण हल्ली निऑनसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर ह्या कामी चालत नाहीत. कित्येकांच्या ठिणगीचं दुखणं इथूनच सुरू होतं. तांब्याची पाव इंची नळी फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून. कपॅसिटर म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेल्या डझनभर बाटल्या.

पहिल्या दिवशी ठिणगी पडली ती एक सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशीही तेवढीच.

अशा वेळी जे कोणाच्याही मनात येतं तेच त्याच्या मनात आलं. ताकद कमी पडते आहे, वाढवू या. कुठेतरी त्याने पाहिलं होतं की मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर वापरला की मोठा जाळ निघतो. तसला एक मिळतो का, हे विचारायला तो पुन्हा महाडला आला. आणि इथे, श्रोतेहो, गोष्ट गंमतीची राहत नाही.

निऑनचा ट्रान्सफॉर्मर ३० मिलिअँपिअरवर स्वतःला आवरतो. हे ३० मिलिअँपिअर म्हणजे काय? तुमच्या घरातल्या बोर्डावर शॉक लागू नये म्हणून जो आरसीसीबी बसवतात, तो साधारण तेवढीच वीज गळायला लागली की पडतो, कारण त्याच्यापुढे माणसाचं हृदय धोक्यात येतं. म्हणजे 'लहान' म्हणून मुलगा ज्याला नाकारत होता, तोच जीव घेण्याच्या उंबरठ्यावर बसलेला. ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर त्याच्या दहा-वीस पट वीज सोडतो. तो माणसाला दुसरी संधी देत नाही. लाकडावर विजेच्या जळक्या रेघांची नक्षी काढण्याचा एक छंद मधल्या काळात पसरला, त्यात हाच ट्रान्सफॉर्मर वापरतात. अमेरिकेत त्या छंदाने अनेक माणसं गेली, त्यात हाताला कसब असलेले कारागीर होते.

टेस्ला कॉइलबद्दल एक अर्धवट समजूतही आहे, की वरची ठिणगी अंगावर घेतली तरी काही होत नाही. वरच्या विजेची कंपनं इतकी जलद असतात की मज्जातंतूंना झटका जाणवत नाही, हे खरं. पण मांस भाजतं. आणि खालची बाजू, ट्रान्सफॉर्मर आणि टाकी, ती तर थेट मारते. बटण बंद केल्यावरही टाकी भरलेली राहू शकते. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी तर ह्या यंत्राच्या आसपासही फिरकू नये.

स्नेह्यांनी ट्रान्सफॉर्मर दिला नाही. त्यांनी मुलाच्या वडिलांना फोन केला.

मुलाचे वडील वायरमन. २२ जुलै २०२१ ला महाडात सावित्री आणि गांधारीचं पाणी चढलं, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं नेली. त्यानंतर किती रात्री ते खांबावर होते ते त्यांनी मला सांगितलं नाही, त्यांच्या मुलाने सांगितलं. त्यांनी स्वतः सांगितली ती दुसरी गोष्ट. उमेदवारीच्या काळात, दुसऱ्या एका तालुक्यात, त्यांनी एका सोबत्याला खांबावरून दोराने उतरवलं होतं. लाईन बंद आहे असं सगळ्यांना वाटत होतं. एवढंच बोलून ते थांबले आणि मग मुलाकडे वळून म्हणाले, "यंत्र मोडायचं नाही. पण बटण माझ्या हातात राहील. मी घरी नसताना लावायचं नाही. शाळेच्या प्रदर्शनात न्यायचं नाही. आणि ट्रान्सफॉर्मर आहे तोच राहील. जे काय वाढवायचं ते त्याच्यात वाढव."

ही शेवटची अट फार मोलाची ठरली. बाहेरून ताकद आणायचा रस्ता बंद झाल्यावर आहे ती ताकद जाते कुठे, हे शोधणं भाग पडलं. कविसंमेलनात काही मंडळी ओळ पडली की आवाज चढवतात. माईक नसता तर त्यांना ओळ दुरुस्त करावी लागली असती.

हिशेब असा होता. ९००० व्होल्ट गुणिले ३० मिलिअँपिअर म्हणजे २७० वॉट. ही यंत्रं करणाऱ्यांमध्ये एक ढोबळ नियम चालतो: वॉटचं वर्गमूळ काढा, त्याला १.७ ने गुणा, तेवढे इंच ठिणगी उत्तम यंत्रातून निघते. २७० चं वर्गमूळ साडेसोळाच्या आसपास, म्हणजे अठ्ठावीस इंच. तीन वितींहून थोडी जास्त. सगळं बरोबर जमलं तरची ही गोष्ट. अर्ध्यावर आलं तरी वीतभराच्या पुढे जायला हवं होतं. आणि निघत होतं नखाएवढं. म्हणजे ट्रान्सफॉर्मर निर्दोष, वाटेत गळती.

गळती शोधायची सोपी रीत वडिलांनी सांगितली. दिवा मालव. रात्री, यंत्रापासून दहा-बारा फुटांवर उभं राहून, पडवी पूर्ण अंधारी करून त्यांनी दोन सेकंद बटण दाबलं. वरच्या टोकाला नखाएवढी ठिणगी होतीच, पण उजेडात न दिसलेलं बरंच काही आता दिसलं. बाटल्यांच्या गळ्यांभोवती निळसर झालर. उभ्या गुंडाळीच्या खालच्या वेढ्यांवर जांभळी साय धरल्यासारखी. जी वीज वर जायची ती अंगभर झिरपत होती.

गुंडाळीचं कारण स्नेह्यांनी हात लावूनच सांगितलं. ती जुलैत गुंडाळलेली. पोलादपूरच्या जुलैत माचिस पेटत नाही, पापड तळेपर्यंत मऊ होतात. त्या दमट हवेत पाइप, तार आणि मधल्या फटीत बसलेला ओलावा, त्यावरून घाईने वार्निश. ओलावा आत कोंडला गेला. इथे एक खुलासा करतो. 'पावसाळी हवेत ठिणगी पडत नाही' असं सर्रास म्हणतात. खरं पाहता हवेतल्या बाष्पाने ठिणगीची वाट फारशी अडत नाही. अडचण होते ती वस्तूंच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या ओल्या थराने, वीज हवेत उडी मारण्याऐवजी त्यावरून घरंगळते. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळणाऱ्यांचं तर सगळं तिथेच संपतं.

२०२१ च्या पुरानंतर स्नेह्यांच्या दुकानासमोर गाळाने भरलेल्या मोटारींची रांग लागली होती, आणि त्यांचं स्वतःचं दुकानही पाण्याखाली जाऊन आलेलं. त्या वेळची रीत त्यांनी इथे वापरली. लाकडी खोक्यात गुंडाळी उभी केली, तळाशी जरा लांब ६० वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवला, वर झाकणाला भोकं. मोटर असती तर आणखी तापवली असती, पण प्लास्टिकचा पाइप वाकतो. चार दिवस असं वाळवल्यावर मग वार्निशचे पातळ थर, प्रत्येक थर पुरता सुकू देऊन. "आधी वाळव, मग वार्निश," ते म्हणाले, "उलटं केलंस तर पाणी कैदेत ठेवलंस."

बाटल्यांचं दुखणं दुहेरी. काच वीज खाते आणि तापते, हे एक. दुसरं असं की त्याने बाटल्यांची संख्या अमेरिकन आकृतीवरून घेतली होती. तिकडची वीज सेकंदाला ६० फेऱ्यांची, आपली ५० ची. त्यामुळे त्याच ट्रान्सफॉर्मरला आपल्याकडे टाकी एक-पंचमांशाने मोठी लागते. परदेशी आकृती जशीच्या तशी उतरवणाऱ्या आपल्याकडच्या पुष्कळ मुलांची ठिणगी ह्या एका आकड्याने मार खात असेल. ९००० व्होल्ट आणि ३० मिलिअँपिअरला आपल्याकडे निदान साडेदहा नॅनोफॅरड तरी हवेत. बाटल्या मिळून सात-आठच भरत होते. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून पॉलिप्रॉपिलिनचे छोटे कपॅसिटर मागवले, ओळीने जोडले आणि प्रत्येकाला आडवा एक रोधक लावला, बटण बंद होताच टाकी आपोआप रिती व्हावी म्हणून. तरीही हात लावण्याआधी लाकडी दांड्याला बांधलेल्या तारेने दोन्ही टोकं भिडवायचीच, हा वडिलांचा दंडक.

फटीबद्दल थोडक्यात सांगतो. ती फार अरुंद असेल तर टाकी अर्धी भरतानाच सांडते, फार रुंद असेल तर ठिणगीच पडत नाही आणि ट्रान्सफॉर्मरच्या जिवावर बेततं. एका मोठ्या फटीऐवजी तांब्याच्या नळीचे सात तुकडे शेजारी शेजारी मांडून सहा बारीक फटी केल्या, सगळ्या मिळून साडेतीन मिलिमीटर, आणि वर कॉम्प्युटरचा जुना पंखा, कारण एकदा पडलेली ठिणगी चटकन विझली पाहिजे. त्यातही गावाकडची एक मेख निघाली. संध्याकाळी वाडीत व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. २३० ला ९००० देणारा ट्रान्सफॉर्मर १८० ला सात हजारच देतो, आणि टाकीतली ऊर्जा तर साठ टक्क्यांवर येते. ज्या फटी दुपारी बरोबर चालत, त्या संध्याकाळी मुक्या. मुलगा दोन दिवस फटी घासत बसला होता. वडिलांनी बोर्डावर मीटर लावून दाखवलं.

एवढं झाल्यावर ठिणगी बोटभर झाली. मग सूर जुळवायचं काम.

वरच्या टोकाला मुलाने दोन स्टीलचे वाडगे तोंडाला तोंड लावून गोळा बसवला होता. गोळा हवाच. नुसत्या तारेच्या टोकावरून वीज भसाभस गळते, गोल गुळगुळीत अंगावर ती साठते. पण गोळा बसवला की वरच्या वेटोळ्याचा हेलकावा मंदावतो, जसं झोपाळ्याच्या कड्या लांबवल्या की त्याची फेरी लांबते. आता खालचा हेलकावाही तेवढाच मंद करायला हवा, म्हणजे खालचे जास्त वेढे वापरायला हवेत. मुलाची जोडणी गोळा बसवण्याआधीची, साडेसहाव्या वेढ्यावर, तशीच राहिली होती. झोपाळा एका लयीत आणि धक्का दुसऱ्या लयीत. पाव-पाव वेढा सरकवत, दर वेळी बटण बंद, टाकी रिती, चिमटा पुढे, पुन्हा बटण, असं करत एका रविवारी ते नवव्या वेढ्याच्या पुढे गेले, आणि तिथे ठिणगी एकदम वीतभर उठली. आणखी पाव वेढा पुढे सरकवला तर अजून चांगली. त्याचंही कारण आहे: ठिणगी लांब झाली की तीसुद्धा वरच्या वेटोळ्याचा भाग होते आणि हेलकावा आणखी थोडा मंदावते. म्हणून खालची बाजू जराशी उतरलेलीच ठेवायची. गवई तंबोरा लावताना गाण्याच्या भरात सूर कुठे सरकणार ते धरून लावतो, तसंच.

त्यापुढे मात्र गाडी अडली. वीतभर म्हणजे वीतभर. आणि आणखी एक खूण: ठिणगी पडली की घरातल्या ट्यूबलाईटच्या पट्टीवर, नळाच्या तोटीवर बारीक चटके जाणवत. वडिलांनी विचारलं, "अर्थ कुठे दिलास?"

मुलाने घरासमोर दोन फुटांची सळी ठोकली होती. ती फूटभर गेली आणि थांबली. वर लाल माती, खाली कातळ. वर वीज पाठवायची तर खालच्या टोकाला पाय रोवायला जमीन हवी. ती नसली की वीज मिळेल त्या वाटेने पाय टेकते, घराच्या वायरिंगमधून, नळातून. हे नुसतं दुर्बल नाही, घातक आहे.

ह्या अडचणीत तो मुलगा फार मोठ्या माणसाच्या पंगतीला बसला होता. १८९९ मध्ये टेस्ला कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे, सुमारे सहा हजार फूट उंचीवर, प्रचंड कॉइल उभारायला गेला. तिथल्या त्याच्या रोजच्या नोंदी १९७८ मध्ये बेलग्रेडहून छापल्या गेल्या. विजेचा हा जादूगार त्या वहीत जमिनीपुढे हात टेकताना दिसतो. कोरडी, खडकाळ जमीन. त्याने तांब्याचा पत्रा बाराएक फूट खोल पुरला, भोवती कोक पसरला, वरून पाणी सोडत ठेवलं, तरी जोड मनासारखा होईना. मी हे वायरमनना सांगितलं. ते हसले नाहीत की चकितही झाले नाहीत. म्हणाले, "पाणी सतत लागणारच. डीपीच्या अर्थिंगलाही उन्हाळ्यात पाणी घालतोच ना आम्ही."

मग त्यांनी परसात जाऊन जागा दाखवली. मोरीचं सांडपाणी जिथे जाऊन मुरतं, तिथे केळी आणि अळू असतं. कोकणातल्या घराला हे सांगायला नको. वाडीत बाराही महिने ओली राहणारी तेवढीच माती. केळीच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर त्यांनी चार फूट खड्डा घेतला. तांब्याचा पत्रा उभा ठेवला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर माती. घराच्या अर्थिंगशी ह्याचा काही संबंध ठेवायचा नाही, नाहीतर ठिणगीचा मार शेजाऱ्याच्या फ्रिजपर्यंत जाईल. विहिरीपासूनही लांब. आणि तारेबाबत एक गोष्ट, जी मला नवीन होती: इतक्या जलद कंपनांना लांब तार म्हणजे अडथळाच, मग ती कितीही जाड असो. म्हणून तार पडवीपर्यंत ओढण्याऐवजी यंत्रच मागच्या पडवीत आणलं आणि तांब्याची रुंद पट्टी दोन हातांत जमिनीत उतरवली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने काय करावं, असं मुलाने मध्येच विचारलं. यंत्राखाली मोठी जाळी अंथरून तिलाच खोटी जमीन मानतात, असं त्याच्या वाचनात आलं होतं. वडील म्हणाले, "फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने गाणं शिकावं."

त्या रात्री दुपारइतकंच व्होल्टेज होतं. दिवा मालवला. बटण वडिलांच्या हातात, डावा हात खिशात. स्नेही महाडहून आले होते, मी होतो, आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्या बायका पडवीच्या पायरीवर कानात बोटं घालून. वाडग्याच्या वर उभ्या केलेल्या खिळ्यावरून ठिणगी उठली ती हातभर. कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचा हात. फांद्या फुटत होत्या, विरत होत्या, पुन्हा दुसरीकडून फुटत होत्या. आवाज फार कर्कश होता, हवेत ओझोनचा तो तिखट वास. कोपऱ्यात ठेवलेली सुटी ट्यूबलाईट कशालाही न जोडता उजळली. घरातला रेडिओ अर्थातच खरखरायला लागला. तीन सेकंद, आणि वडिलांनी बटण सोडलं. ट्रान्सफॉर्मर तोच, भंगारातला, २७० वॉटचा.

हातभर म्हणजे अठरा इंच. हिशेबाने अजून दहा इंच कुठेतरी गळताहेत. मुलाला संशय फटींवर आहे. स्नेह्यांना तारेच्या शेवटच्या वेढ्यावर. वडिलांचं म्हणणं वेगळंच: आत्ता ऑक्टोबर आहे, माती ओली आहे. दिवाळी झाली, मोरीचं पाणी कमी झालं, फेब्रुवारी-मार्चमध्ये केळीखालची माती तडकली की ठिणगी पुन्हा उतरेल. म्हणून त्यांनी पत्र्याच्या वरच्या बाजूला एक गळका माठ गळ्यापर्यंत पुरून ठेवला आहे. तो भरायचं काम मुलाच्या आजीने आपण होऊन घेतलं आहे. तिच्या मते ते केळीसाठी आहे.